सोलापूरच्या उन्हात गाडीला कोणतं ऑइल, आणि किती दिवसांनी?

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: घरात दोन गाड्या. तुमची २०२१ ची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक जुळे सोलापुरातून शाळेपर्यंत आणि नवी पेठेपर्यंत जाते, वर्षाला जेमतेम पाच हजार किलोमीटर. दिरांची २०२२ ची डिझेल एसयूव्ही मोहोळकडच्या शेतावर असते, आठवडाभर गाव-शेत-गाव आणि महिन्यातून एकदा पुणे. ओळखीचे मेस्त्री म्हणतात, सोलापूरच्या उन्हात पातळ ऑइल टिकत नाही, २०डब्ल्यू-५० टाका. दिरांनी ट्रॅक्टरसाठी १५डब्ल्यू-४० चा मोठा डबा आणलाय, तोच दोन्ही गाड्यांना चालेल का? आणि गाडी फिरतच नाही, तर दरवर्षी ऑइल का बदलायचं?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. पेट्रोल गाडीत २०डब्ल्यू-५० टाकू नका. ट्रॅक्टरचा डबा ट्रॅक्टरलाच ठेवा. डिझेल गाडीत तर त्यातलं कपभरही जाऊ देऊ नका. आणि गाडी कमी फिरली तरी वर्षातून एकदा ऑइल बदलायचंच.

तुमच्या मेस्त्रींना मी वेड्यात काढणार नाही. ते ज्या गाड्यांवर शिकले त्या अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, जुन्या जीप. त्या इंजिनांच्या बेअरिंगमधल्या फटी मोठ्या, ऑइलच्या वाटा रुंद. त्यांना जाड ऑइलच लागायचं, आणि पातळ टाकलं की उन्हाळ्यात ऑइलचा दाब पडायचा, टॅपेट वाजायचे. तो अनुभव त्या इंजिनांपुरता शंभर टक्के खरा होता. तुमच्या गाडीचं इंजिन वेगळ्या मापाने बांधलंय. त्यात व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ ऑइलच्या दाबावर पुढेमागे होते, आणि ते ऑइल बारीक छिद्रांतून, जाळीतून जातं. पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० लिहिलंय ते त्या छिद्रांचा आणि फटींचा हिशेब करून लिहिलेलं आहे.

डब्यावरच्या आकड्यांचा अर्थ एकदा नीट समजून घ्या, म्हणजे कुणीही काहीही सांगितलं तरी तुमचा गोंधळ होणार नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा कडाक्याच्या थंडीत ऑइल किती सहज हलतं ते सांगतो. ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५ अंशांना होते, १५डब्ल्यूची उणे २० ला. सोलापुरात असली थंडी कधीच पडत नाही, त्यामुळे या आकड्यापायी आपलं इंजिन अडून बसेल अशी भीती नाही. डब्ल्यूनंतरचा आकडा १०० अंश तापमानाला ऑइल किती दाट राहतं ते सांगतो. २० ग्रेडचं ऑइल १०० अंशांना ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक (दाटपणा मोजायचं एकक) असतं, ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९. म्हणजे चालू, तापलेल्या इंजिनात मेस्त्रींचं ऑइल पुस्तिकेतल्या ऑइलपेक्षा साधारण दुप्पट दाट राहणार. ४० अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे गाडी सुरू करताना, हा फरक तिप्पट-चौपटीवर जातो. सकाळी स्टार्टर मारल्यावर पहिल्या काही सेकंदांत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या वरच्या कॅमशाफ्टपर्यंत ऑइल पोहोचायला हवं, आणि तिथे तुम्ही काकवी पाठवताय असं समजा. पंपाच्या पुढचा दाब वाढतो, जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि त्यातलं बरंचसं ऑइल इंजिनात न जाता मागच्या मागे चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, परत येतं. मीटरवर दाब चांगला दिसतो, पण बेअरिंगला पोहोचणारं ऑइल कमी होतं. अ‍ॅव्हरेज पडतं ते वेगळंच.

आता उन्हाचा मुद्दा. मे महिन्यात इथे पारा ४३-४४ वर जातो, हे खरं. पण इंजिनाच्या आत बाहेरची हवा ठरवत नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो आणि रेडिएटर, पंखा मिळून कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, ९०-१०० च्या पट्ट्यात धरून ठेवतात. ऑइल त्याच्या जरा वर, ९० ते ११० मध्ये. जानेवारीत सिद्धेश्वरच्या जत्रेच्या वेळी काढा नाहीतर मे महिन्यात भर दुपारी सात रस्त्याला उभी करा, धडधाकट गाडीत हा पट्टा फारसा हलत नाही. हलला, तर दोष ऑइलच्या जाडीत शोधू नका. दोष कूलिंगमध्ये असतो.

म्हणून सोलापुरात उन्हाळ्यासाठी पैसे खर्च करायचेच असतील तर ते कूलंटवर करा. इथे उन्हाळ्यात इंजिन काम निघालेल्या ज्या गाड्या टो होऊन माझ्याकडे येतात, त्यांच्यात पातळ ऑइलने बसलेलं इंजिन मला आठवत नाही. गरम होऊन हेड गॅस्केट गेलेली, हेड वाकलेली इंजिनं मात्र दर उन्हाळ्यात येतात, आणि त्यांच्या रेडिएटरमध्ये बहुतेक वेळा बोअरचं पाणी सापडतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांचं. घरच्या बादलीवर आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो तो तुम्ही रोज बघताच. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि थर्मोस्टॅटवर बसतो. नळी अर्धी बुजली तरी हिवाळ्यात गाडी निभावून नेते, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. एप्रिल आला, एसी चालू झाला, विजापूर नाक्यावर गाड्यांची रांग लागली, की काटा वर.

कूलंट घेताना तयार मिश्रण असलेलं घ्या, किंवा घट्ट असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालून अर्धं-अर्धं करा. रंगावर जाऊ नका. हिरवा, निळा, गुलाबी हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीने देतात, त्याचं काही सार्वत्रिक मानक नाही. वेगवेगळ्या जातींची दोन कूलंट एकत्र आली तर काही वेळा आत चिकट गाळ तयार होतो. पुस्तिकेत जी जात लिहिली आहे तीच टाका आणि बदलण्याची मुदतही तिथलीच धरा, कारण जुन्या जातीच्या कूलंटला दोन वर्षं आणि नव्या दीर्घायुषी कूलंटला त्याच्या कितीतरी पट, असा मोठा फरक आहे. मधे कधी पातळी खाली गेलीच आणि हाताशी काही नसेल, तर बोअरपेक्षा डिस्टिल्ड वॉटरची बाटली बरी. ती बॅटरीच्या दुकानात कुठेही मिळते. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे १०० च्या वर जाऊनही उकळत नसतं. झाकण सैल झालं की त्याच क्षणी उसळून तोंडावर येतं. भाजलेले हात मी पाहिलेत.

ग्रेडकडे परत येऊ, कारण एक सूट सांगायची राहिली. बऱ्याच पुस्तिकांत एकाच ग्रेडऐवजी तापमानाचा तक्ता असतो, आणि त्यात ०डब्ल्यू-२० च्या शेजारी ५डब्ल्यू-३० लाही परवानगी असते. तुमच्या पुस्तिकेत तसं असेल आणि गाडी वरचेवर माणसं भरून, एसी लावून हायवेला जात असेल, तर सोलापुरात मी ५डब्ल्यू-३० निवडेन. शाळेच्या फेऱ्यांसाठी ०डब्ल्यू-२० च उत्तम. तक्त्यात नसलेली ग्रेड मात्र कितीही ओळखीच्या माणसाने सांगितली तरी नको, आणि वॉरंटी चालू असेल तर अजिबातच नको.

ग्रेडइतकीच दुसरी ओळ महत्त्वाची, जी दुकानात कुणी वाचत नाही: दर्जाची. पेट्रोल इंजिनासाठी एपीआय या अमेरिकन संस्थेचा दर्जा ‘एस’ने सुरू होतो. एसएन जुना झाला, एसपी २०२० मध्ये आला, एसक्यू २०२५ मध्ये. वरचा दर्जा खालच्याच्या जागी चालतो, उलट चालत नाही. तुमच्या साध्या पेट्रोल इंजिनाला एसपी पुरेसा आहे. छोटं टर्बो पेट्रोल असतं तर मी एसपीच्या खाली जाऊच दिलं नसतं, कारण त्या इंजिनांत कमी वेगाला जोर लावला की वेळेआधी पेट घेण्याचा त्रास होतो आणि एसपीची चाचणी तोही धरून केलेली असते.

आता दिरांचा डबा. त्यावर बहुधा सीआय-४ किंवा सीएच-४ असा काहीतरी डिझेल इंजिनाचा एपीआय दर्जा लिहिलेला असेल. ट्रॅक्टरच्या इंजिनाला ते छान, त्यात वाद नाही. पण १ एप्रिल २०२० पासून धुराचं बीएस-६ मानक लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी गाळणी आली. दिरांची गाडी २०२२ ची, म्हणजे तिच्यात ती आहे. ही गाळणी साठलेली काजळी अधूनमधून साधारण ६०० अंशांना जाळून स्वतःला साफ करते. काजळी जळते, राख जळत नाही. आणि राख येते ती इंजिनात थोडंथोडं जळणाऱ्या ऑइलमधल्या धातुयुक्त रसायनांतून. म्हणून या गाड्यांसाठी कमी राखेचं ऑइल असतं. डब्यावर एसीईए या युरोपीय संस्थेची सी२, सी३ अशी खूण असते आणि त्यात राखेचं प्रमाण ०.८ टक्क्याच्या आत ठेवलेलं असतं. ट्रॅक्टरच्या सीआय-४ ऑइलमध्ये ते सहज १ टक्क्याच्या वर जातं. एकदा टाकलं म्हणून दुसऱ्या दिवशी काही होणार नाही, आणि हाच त्यातला धोका. राख गाळणीत कायमची बसते, पिकअप हळूहळू कमी होतो, साफसफाईची वेळ लवकर लवकर येते, आणि शेवटी डीपीएफ बदलायची पाळी आली की खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. डब्यामागे वाचलेले पैसे त्यापुढे काहीच नाहीत.

दिरांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगा. ती मी या उत्तरातली सगळ्यात महत्त्वाची मानतो. डीपीएफ साफ करायला गाडी सिलिंडरमध्ये जास्तीचं डिझेल सोडते. गाडी सलग वेगात असेल तर ते एक्झॉस्टमध्ये जाऊन जळतं. गाव-शेत-गाव अशा पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्यांत साफसफाई अर्ध्यावर तुटते, पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते, आणि ते डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून चेंबरमधल्या ऑइलमध्ये मिसळतं. मग ऑइलच्या पट्टीवर पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाते. अनेकजण खूश होतात की गाडी ऑइल खात नाही. पट्टीवर वरच्या खुणेच्या वर ऑइल दिसलं आणि वास डिझेलचा आला, की किलोमीटर न बघता ऑइल बदला. त्यात इंधन मिसळून वंगणाची ताकद कमी झालेली आहे. हे टाळायचा उपाय आपल्या दारातच आहे. आठवड्यातून एकदा मोहोळहून सोलापूरपर्यंत किंवा टेंभुर्णीच्या दिशेने हायवेला पंधरा-वीस मिनिटं सलग, ६०-७० च्या वर गाडी चालवायची. डीपीएफचा दिवा लागलेला असेल तर तो जाईपर्यंत इंजिन बंद करायचं नाही. त्या वेळी पंखा जोरात फिरतो, आयडलिंग थोडं वाढतं, जळका वास येतो. घाबरायचं कारण नाही. वाळलेल्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर मात्र तेव्हा गाडी उभी करू नका. खालचा पाइप पेटवण्याइतका तापलेला असतो.

आता दिवसांचा हिशेब. पुस्तिकेत बहुतेक गाड्यांना ‘१० हजार किलोमीटर किंवा १२ महिने, जे आधी होईल ते’ असं असतं. लोक पहिला अर्धा भाग वाचतात. तुमची गाडी पाच हजारच फिरते, पण कशी फिरते ते बघा: दहा मिनिटं चालली, बंद, दुपारी पुन्हा दहा मिनिटं. एवढ्यात कूलंट तापतं, ऑइल पुरतं तापत नाही. ज्वलनातून आलेली वाफ आणि पेट्रोलचा अंश उडून जायला ऑइल काही वेळ नीट गरम राहावं लागतं; ते न झाल्यामुळे दोन्ही ऑइलमध्येच राहतात, आम्ल तयार होतं, आणि त्याला मारणारी रसायनं संपत जातात. हायवेला दहा हजार पळालेल्या गाडीचं ऑइल अशा पाच हजारवाल्या गाडीपेक्षा अनेकदा चांगलं निघतं. त्यामुळे तुम्हाला वर्षाचा नियम लागू, आणि मुदत वाढवायचा विचार नको. रविवारी कधी तुळजापूरला, अक्कलकोटला गाडी घेऊन गेलात तर ती फेरी इंजिनाच्याही भल्याची. मी तुमच्यासारख्यांना होळीच्या आसपास ऑइल बदला असं सांगतो. उसाचा हंगाम उतरणीला लागलेला असतो, धूळ खाऊन झालेली असते, पुढे कडक उन्हाळा असतो आणि तारीख लक्षात राहते.

दिरांच्या गाडीला पुस्तिकेतली ‘कठीण परिस्थिती’ची मुदत धरा. धूळ, कच्चा रस्ता, छोट्या फेऱ्या, रणरणतं ऊन, हे सगळं त्या यादीत असतं आणि सगळं शेतावर आहे. कंपनीनुसार ती मुदत नेहमीच्या अर्ध्यापर्यंत खाली येते. पूर्ण सिंथेटिक आहे म्हणून वीस हजार चालवा, असं पंपावर किंवा दुकानात कुणी म्हणालं तर ऐकू नका. ऑइल कदाचित टिकेल. पण त्यात मिसळलेलं डिझेल आणि फिल्टरमध्ये साठलेली घाण सिंथेटिकमुळे कमी होत नाही. ऑइलबरोबर फिल्टर दर वेळी बदलायचाच.

एअर फिल्टरचा ऑइलशी काय संबंध, असं वाटेल. बारीक वाळूची धूळ फिल्टरमधून आत शिरली की ती सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते आणि बेअरिंगपर्यंत घासत जाते. कितीही भारी ऑइल टाका, त्या वाळूला उत्तर नाही. शेतावरच्या गाडीचा फिल्टर दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघा. हवा मारायची तर कमी दाबाने, आतल्या स्वच्छ बाजूने बाहेर; उलटं मारलं तर धूळ कागदात रुतते. जमिनीवर आपटून साफ करू नका, कडा वाकतात आणि फट राहते.

पट्टी बघायची पद्धत: गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, पट्टी पुसून पुन्हा पूर्ण आत घाला, मग वाचा. दोन खुणांमध्ये बऱ्याच गाड्यांत लिटरभराच्या आसपास अंतर असतं, त्यामुळे भर घालताना पाव-पाव लिटर घाला. जास्त भरलं तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळून फेस करतो, आणि फेसाने वंगण होत नाही. महिन्यातून एकदा बघितलंत तरी पुरे. पुण्याला जायच्या आदल्या दिवशी मात्र दिरांनी बघावंच. रंगावरून निदान करू नका. डिझेलचं नवं ऑइल काहीशे किलोमीटरमध्ये काळं होतं, ते काजळी धरून ठेवतंय याची ती खूण. बोटांवर चोळून ‘दम राहिला नाही’ म्हणणाऱ्यांनाही मनावर घेऊ नका. दुधाळ, चहासारखा रंग दिसला तर मात्र गाडी सुरू करू नका, कूलंट ऑइलमध्ये आलंय.

खरेदी ओळखीच्या, बिल देणाऱ्या दुकानातून करा. नामांकित ऑइलच्या रिकाम्या डब्यांत दुसरंच भरून विकणारे आहेत. सील आणि झाकणाखालचा पापुद्रा तुमच्यासमोर फुटला पाहिजे, कोड असेल तर मोबाइलवर तपासा. काम झालं की रिकामा डबा तिथेच सुरीने फाडायला सांगा, जुन्या फिल्टरचं तोंड वाकवायला सांगा. चांगला मेस्त्री याचा राग धरत नाही. चेंबरच्या बोल्टचा वॉशर नवा टाकायला लावा, काही रुपयांचा असतो. आणि जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना, हे एकदा हात लावून बघायला सांगा, नाहीतर दोन रबरांवर फिल्टर बसतो आणि हायवेला सगळं ऑइल बाहेर पडतं. इंजिन फ्लश, घर्षण कमी करणारी बाटली, असलं काही बिलात वाढवत असतील तर नको म्हणा. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनाला त्याची गरज नसते.

बाकीच्या ऑइलांपैकी ब्रेक ऑइलकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ जातीचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा धरलेलं १५५ पर्यंत खाली येतं. तुळजापूरच्या घाटातून भरलेली गाडी सतत ब्रेक दाबत उतरवली की आत वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. किलोमीटर कितीही झालेले असोत, दर दोन वर्षांनी बदला. तुमच्या गाडीचं अजून मूळचंच असेल तर या महिन्यातच. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते चुकूनही मिसळू नका. गिअर ऑइल मॅन्युअल गाडीत पुस्तिकेतल्या किलोमीटरला. फक्त जीएल-४ हा दर्जा लिहिला असेल तिथे जीएल-५ टाकू देऊ नका, त्यातली जास्तीची रसायनं गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगला मानवत नाहीत. तुमच्या हॅचबॅकचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक असणार, त्याला ऑइल नाही. दिरांच्या गाडीत अ‍ॅडब्लू (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत घालायचा द्रव) लागत असेल तर त्याची निळी टोपी ड्रायव्हरलाही दाखवून ठेवा. ते डिझेलच्या टाकीत गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका, टाकी आधी रिकामी करून घ्या.

राहिलं जळकं ऑइल. शेतावर ते कुंपणाच्या खांबांना लावतात, डबक्यात ओततात, चुलीत पेटवायला वापरतात. त्यात धातूचे कण आणि जळालेली रसायनं असतात, आणि ते मुरत मुरत त्याच बोअरपर्यंत जातं जिथलं पाणी घरात येतं. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं. बंद कॅनमध्ये साठवून ऑइल बदलणाऱ्या गॅरेजला परत द्या, मान्यताप्राप्त गोळा करणारे तिथून घेऊन जातात. ट्रॅक्टरचंही तसंच करायला दिरांना सांगा.